दिवस भरले, कळा नाहीत: कळा आणण्याचा निर्णय घेताना या चुका टाळा

माझ्या धाकट्या बहिणीच्या फाइलमध्ये प्रसूतीच्या तीन तारखा होत्या. पहिल्या पानावर निळ्या शाईत 11 मे, पहिल्या सोनोग्राफीच्या अहवालात 22 मे आणि आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत 30 मे. नागपूरच्या भर उन्हाळ्यात, 16 मे रोजी आम्ही तपासणीला गेलो, तेव्हा कामावरच्या डॉक्टरांनी फक्त पहिले पान पाहिले आणि सांगितले, "दिवस वर गेले आहेत, आज भरती व्हा, संध्याकाळी कळांसाठी जेल लावू." आई तर लगेच उठलीच. "मी कालपासून म्हणून राहिली, तारीख होऊन गेली," असे म्हणत ती बाळंतपणाची पिशवी आणायला घरी निघाली.

त्या दिवशी बहिणीचा रक्तदाब ठीक होता, साखर ठीक होती, बाळ चांगले फिरत होते. चूक होती ती तारखेत, आणि माझ्या मते कळा आणण्याच्या निर्णयातील निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो.

कोणती तारीख खरी, हे न ठरवताच पुढे जाणे

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 280 दिवस मिळवून प्रसूतीची तारीख काढतात. बहिणीची शेवटची पाळी 4 ऑगस्टची, म्हणून 11 मे. मात्र हा हिशेब पाळी 28 दिवसांनी येते असे धरून केलेला असतो, आणि तिची पाळी कायम 38 ते 40 दिवसांनी येत असे. अशा स्त्रीमध्ये गर्भ उशिरा राहतो, त्यामुळे पाळीवरून काढलेली तारीख तितके दिवस आधीची निघते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून काढलेले वय सर्वांत विश्वासार्ह असते, कारण त्या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात. या दोन तारखांत आठवड्यापेक्षा जास्त फरक असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरायची आणि तीच शेवटपर्यंत ठेवायची. आठव्या महिन्यातील सोनोग्राफी पुन्हा एक तारीख छापून देते, पण ती बाळाच्या आकारावरून काढलेली असते आणि तिच्यात तीन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. बाळ लहानखुरे असेल तर ती पुढे जाते, अंगाने भरलेले असेल तर मागे येते. तिला फाइलमध्ये राहू द्यावे, निर्णयात आणू नये.

म्हणजे 16 मे रोजी बहिणीचे 40 आठवडे 5 दिवस झालेले नव्हते, तर 39 आठवडे 1 दिवस झाला होता. आम्ही पहिला अहवाल पुढे केला, वरिष्ठ डॉक्टरांनी तो वाचला, 11 मेवर आडवी रेघ मारून बाजूला 22 मे लिहिले आणि आम्हाला घरी पाठवले. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण नव्वद बाह्यरुग्ण तपासणाऱ्या माणसाला पहिले पानच दिसणार. म्हणून सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून एकच तारीख पक्की करून घ्यावी आणि ती फाइलवर व माता-बाल संरक्षण कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी. पहिल्या सोनोग्राफीचा मूळ कागद माहेरी विसरून सासरी प्रसूतीला जाणे, किंवा काटोल-उमरेडकडून ऐन वेळी नागपूरला येताना तो घरीच राहणे, ही क्षुल्लक वाटणारी चूक फार महागात पडते.

तारीख म्हणजे शेवटची मुदत, असे मानणे

ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळे शंभरात चार-पाच असतात. 37 ते 42 आठवड्यांच्या दरम्यानची प्रसूती पूर्ण दिवसांची समजली जाते, त्यामुळे 40 आठवडे उलटले एवढ्यावरून कळा आणायला घाई करण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 41 आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा आणाव्यात अशी आहे, आणि या वाक्यातील वजन "खात्री" या शब्दावर आहे.

याच्या उलट टोकाची चूकही आमच्याकडे तितकीच दिसते. "आमच्या वेळी दहावा महिना लागला तरी कुणी काही करत नव्हते" असे म्हणून 42 आठवड्यांपर्यंत निवांत बसणे धोक्याचे आहे, कारण दिवस वर जातील तशी वार, म्हणजे बाळाला पोषण पुरवणारा अवयव, थकत जाते आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका, मुळात लहान असला तरी, वाढत जातो. स्वीडनमध्ये 41 आठवड्यांना कळा आणणे आणि 42 पर्यंत थांबणे यांची तुलना करणारा अभ्यास थांबणाऱ्या गटात सहा बाळे दगावल्यावर मध्येच थांबवावा लागला. कळा आणलेल्या गटात एकही बाळ दगावले नव्हते. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. थांबायचे ठरवले तरी ते तपासण्यांसह थांबणे असावे: बाळाच्या ठोक्यांचा आलेख, गर्भजलाची मोजणी आणि रोज बाळाच्या हालचालींवर लक्ष.

कारण न विचारता होकार देणे, किंवा न विचारता नकार देणे

"कशासाठी?" हा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. उत्तरात गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब व लघवीतील प्रथिने, आटोक्यात न येणारा मधुमेह, बाळाची खुंटलेली वाढ, यकृताच्या त्रासामुळे तळहात-तळपायांना सुटणारी खाज, किंवा पूर्ण दिवसांत पाणी जाऊनही कळा न येणे यांपैकी काही असेल, तर कारण भक्कम आहे आणि तिथे घासाघीस करू नये. रक्तदाबाच्या आजारात 37 आठवड्यांनंतर थांबून आईचा जीव धोक्यात घालण्यात कसलाही नैसर्गिकपणा नाही.

"नाळ गळ्याभोवती आहे" हे मात्र एकटे कारण होत नाही. चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा असतो आणि त्यांतील बहुतेक सुखरूप जन्मतात. "बाळ मोठे आहे" हेही सावधपणे ऐकावे, कारण सोनोग्राफीतील वजनात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज असते: अहवालातले पावणेचार किलो जन्मानंतर काट्यावर सव्वातीन भरू शकतात.

"पाणी कमी आहे" हे कारण आपल्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत फार ऐकू येते. गर्भजल खरोखरच कमी झाले असेल, तर ती गंभीर बाब आहे. परंतु ते मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पोटाच्या चार भागांतील पाण्याची खोली मिळवतात आणि बेरीज 5 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आली तर पाणी कमी समजतात. दुसरीत सर्वांत खोल एकाच जागेची खोली पाहतात आणि ती 2 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरच कमी म्हणतात. पहिल्या पद्धतीने कमी ठरणाऱ्या स्त्रियांची संख्या जास्त निघते, पण त्यामुळे बाळांचा काही जादा फायदा झालेला दिसत नाही. शिवाय आईच्या शरीरातील पाणी घटले की हा आकडा खाली येतो आणि भरपूर पाणी प्यायल्यावर काही प्रमाणात वर चढतो. दुपारी एक वाजता, उन्हातून, तहानलेल्या पोटी केलेल्या सोनोग्राफीत आकडा काठावर आला आणि बाकी सगळे उत्तम असेल, तर पाणी पिऊन पुन्हा मोजायचे का, हे जरूर विचारावे. पाणी गळत असल्याची शंका असेल, हालचाल मंदावली असेल किंवा बाळाची वाढ कमी असेल, तर ही सबब लागू नाही.

गर्भपिशवीचे तोंड तयार आहे का, हे न विचारणे

कळा आणणे यशस्वी होईल की नाही, याचा अंदाज आतून तपासणी करून येतो. तोंड किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले, या पाच गोष्टींना गुण देतात. 1964 पासून ही पद्धत बिशप स्कोअर या नावाने ओळखली जाते. एकूण गुण 13. आठ किंवा अधिक असतील तर शरीर जवळजवळ तयारच आहे. सहा किंवा कमी असतील तर थेट कळांची सलाईन लावण्यापेक्षा आधी तोंड मऊ करण्यासाठी जेल, गोळी किंवा फोलीचा फुगा (तोंडात सरकवून फुगवायची नळी) लागतो. कारण तातडीचे नसेल आणि गुण तीन असतील, तर दोन-तीन दिवस थांबण्याविषयी बोलायला जागा असते.

आधी सिझर झालेल्या स्त्रीसाठी इथे वेगळा नियम आहे. तिच्या पिशवीवर जुना टाका असतो, कळा आणणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या तिला देत नाहीत, आणि औषधाने आणलेल्या कळांत टाका उसवण्याचा धोका आपोआप आलेल्या कळांपेक्षा जास्त असतो. जिथे लगेच शस्त्रक्रिया होऊ शकते अशाच ठिकाणी हा विचार करावा.

"कळा आणल्या की सिझर ठरलेलेच" या भीतीचेही पाहू. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणींवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 39 आठवड्यांना कळा आणलेल्या गटात सिझरचे प्रमाण 18.6 टक्के होते, वाट पाहिलेल्या गटात 22.2 टक्के. यावरून सगळ्यांनी 39 आठवड्यांना भरती व्हावे असे मी म्हणणार नाही, कारण तिथल्यासारखी देखरेख आणि धीर प्रत्येक नर्सिंग होममध्ये असतोच असे नाही. पण भीतीला आधार नाही, एवढे नक्की.

संध्याकाळपर्यंत बाळ हातात येईल, अशी अपेक्षा

पहिलटकरणीचे तोंड बंद असेल तर पूर्ण प्रक्रियेला 24 ते 36 तास लागणे नेहमीचे आहे. नातेवाइकांना हे आधी सांगितलेले नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या बाकावर "किती वेळ पोरीला छळून राहिले, सरळ सिझर करा" अशी कुजबुज सुरू होते, आणि कधीकधी तिचाच दबाव डॉक्टरांवर येतो. बाळाचे ठोके बिघडले तर सिझर वेगळे. ठोके उत्तम असताना, पाणी फोडून कळांची सलाईन किमान 12 ते 18 तास दिल्याशिवाय "कळा आणणे फसले" असे म्हणू नये. भरती होण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात, आणि बाळाला गरज पडली तर काचेच्या पेटीची सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावे लागेल. नागपुरातल्या डागा, मेयो किंवा मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझरसह प्रसूती, औषधे आणि 102 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते, हेही खर्चाच्या धास्तीने निर्णय लांबवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

घरचे उपाय आणि पंचांग

एरंडेल तेलाने जुलाब हमखास होतात, कळांची खात्री नाही; मे महिन्यात त्याने अंगातले पाणी जाते ते वेगळेच. कुणा ओळखीच्याकडून घरी "कळांची सुई" टोचून घेणे तर सरळ जिवावरचे आहे, कारण ठोके पाहणारे कुणी नसताना कळा एकावर एक येऊ लागल्या तर बाळाचा प्राणवायू तुटतो आणि पिशवी फाटूही शकते. अमावास्या टाळायची म्हणून 38 आठवड्यांना कळा आणा, असा आग्रह धरणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्या दिवसांत बाळाची फुप्फुसे आणि मेंदू अजून तयार होत असतात. कारण नसताना 39 आठवड्यांच्या आत हात लावू नये.

हालचाल कमी होणे "नेहमीचेच" समजणे

शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून बाळ फिरत नाही, ही समजूत चुकीची आहे. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण ती थांबत नाही. डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, रक्त गेले, हिरवट पाणी गेले, किंवा डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखेचा हिशेब बाजूला ठेवून त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

बहिणीला अखेर कळा आणाव्याच लागल्या, 29 मे रोजी, बरोबर 41 आठवड्यांना. रात्री फुगा ठेवला, पहाटे चारच्या सुमारास तो आपसूक निसटला, सकाळी पाणी फोडून सलाईन सुरू झाली आणि त्यानंतरही संध्याकाळ उलटून गेली. आई बाहेर बाकावर ताकाची बाटली घेऊन बसली होती. या वेळी तिला किती तास लागतील ते ठाऊक होते, म्हणून तिने कुणालाच काही विचारले नाही.