जुन्या गाडीचा गंजलेला पेट्रोल पाइप: तुकडा कसा बदलायचा

गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसला की आपण डागाच्या बरोबर वर बोट ठेवतो आणि म्हणतो, इथे गळतंय. बहुतेक वेळा तिथे गळत नसतं. पेट्रोल पाइपाच्या अंगावरून उताराने वाहत येतं आणि सगळ्यात खालच्या वाकणावर किंवा एखाद्या क्लिपवर थांबून ठिबकतं. भोक तिथून हातभर मागेही असू शकतं. पाना हातात घ्यायच्या आधी ते भोक शोधायला हवं.

हा लेख कार्ब्युरेटरच्या गाड्यांपुरता आहे: प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली फियाट), जुनी पेट्रोल ॲम्बॅसॅडर, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत) येण्याआधीची मारुती ८००. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, पण खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत आणि त्यांचे पाइप आता चांगलेच म्हातारे झालेत. या गाड्यांत इंजिनावरचा यांत्रिक पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो आणि पंपाच्या पुढेही दाब जेमतेम ०.२ ते ०.३ बार असतो. एमपीएफआय गाडीत पंप टाकीत बसलेला असतो आणि पाइपात ३ बारच्या आसपास दाब असतो. तिथे खाली दिलेला रबरी जोड चालणार नाही, पूर्ण पाइपच बदलून घ्या. डिझेल इंजिनात इंजेक्टरकडे जाणाऱ्या जाड पाइपांना तर जोड द्यायचाच नसतो.

भोक शोधणं

पंप पुढे असल्यामुळे गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब पाइप हा ओढणीचा पाइप असतो, म्हणजे पंप त्यातून पेट्रोल ओढतो. इंजिन चालू असताना त्यातलं बारीक भोक पेट्रोल बाहेर टाकत नाही, उलट हवा आत घेतं. गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते आणि घाटात दम सोडते. ॲक्सिलरेटर दाबला की हुंदके देते. मग कार्ब्युरेटर उघडला जातो, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) साफ होतात, प्लग बदलले जातात आणि गाडी तशीच राहते. उन्हाळ्यात व्हेपर लॉक झाला (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला) समजून पंपावर ओलं फडकं टाकणारेही भरपूर. थंडीच्या सकाळीही तीच तक्रार असेल, तर फडकं बाजूला ठेवा आणि पाइप बघा. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर असेल तर इंजिन चालू ठेवून त्यात पाहा. बुडबुड्यांची सलग माळ येत असेल, तर मागे कुठेतरी हवा शिरते आहे.

बाहेरून शोधायचं तर पाइप फडक्याने कोरडा पुसा आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी तासभर उभी राहिली की पावडरीवर ओली रेघ उमटते, आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे भोक. संशय घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे क्लिपच्या आतली बाजू, कारण तिथे चिखल अडकतो आणि पावसाळा संपला तरी ओल राहते. मग मागच्या चाकाजवळ, जिथे खडी उडते. मग जॅक लावायच्या जागेशेजारी. पंक्चरवाल्याने घाईत जॅक भलतीकडे लावून पाइप चेपलेला असणं अगदी नेहमीचं. अंडरकोटिंगचा काळा थर फुगलेला दिसला तर तो टोकरून बघा. वरून गुळगुळीत आणि आत सगळा पोपडा, असंही निघतं.

भोकाच्या दोन्ही बाजूंना तारेच्या ब्रशने हलक्या हाताने पाइप घासा. चकचकीत धातू लवकर लागला तर तुकडा बदलून भागेल. वीतभर घासूनही खड्डेच खड्डे दिसत असतील, तर अख्खा पाइप बदला. गंजलेल्या पाइपाला तुकडा जोडला की पुढची गळती जोडाच्या शेजारी होते, हे गाडीखाली झोपणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कोकणातल्या, समुद्राजवळ राहिलेल्या गाडीला मी तुकड्याच्या फंदात पाडणार नाही.

आगीची काळजी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून हे काम उघड्यावर, सावलीत करा. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग आणि गॅरेजचा पिट दोन्ही नको. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. उजेडासाठी बॅटरीवर चालणारा एलईडी टॉर्च घ्या, हॅलोजनचा दिवा नाही. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते.

गाडी उचलायची ती घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, विटांवर तर नाहीच. जमिनीवरच्या चाकांना पाचर लावा.

पेट्रोल काढणं

टाकी जवळजवळ रिकामी असताना काम काढा. टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडा, टाकीजवळची रबरी नळी सोडवून पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये उतरवा आणि नळीच्या तोंडात मापाचा स्वच्छ बोल्ट घालून क्लिप आवळा. तोंडाने पेट्रोल ओढायची आपल्याकडची सवय सोडा. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो.

नट गंजले असतील तर आदल्या रात्रीच त्यावर डब्ल्यूडी-४० सारखं तेल मारून ठेवा. साध्या पान्याने हे नट गोल होतात, त्यासाठी नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा फ्लेअर नटचा पाना मिळतो. पाइप सोडण्याआधी सगळ्या क्लिपांचे फोटो काढा. आणि कापणार आहात तो पेट्रोलचाच पाइप आहे ना, हे त्याची दोन्ही टोकं पाहून खात्री करा; शेजारून ब्रेकचा पाइप जात असतो.

कापणं आणि नवा तुकडा

कापायला छोटा ट्यूब कटर घ्या. ग्राइंडर म्हणजे ठिणग्या, आणि हॅक्सॉने पडलेला कीस आत जाऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. कटर पाइपाभोवती फिरवायचा, किंचित आवळायचा, पुन्हा फिरवायचा. एकदम आवळला तर पाइप चेपतो. दोन्हीकडे चांगला धातू लागल्यावरच कापा. मग तोंडाची आतली धार काढून टाका आणि फडक्याने पुसा.

जुन्या पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. तो बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटर निघतो. नवा तुकडा त्याच मापाचा, स्टीलचा किंवा क्युप्रोनिकेलचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा) घ्या. क्युप्रोनिकेल महाग पडतं, पण गंजत नाही आणि हाताने वळतं. ब्रेकचा ४.७५ मिलिमीटरचा पाइप इथे बारीक पडतो. फ्रिज-एसीच्या दुकानातला तांब्याचा पाइप स्वस्त आणि मऊ असतो, म्हणून मोह होतो. पण गाडीच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि शेवटी चिरतं, शिवाय तांब्याच्या संगतीत पेट्रोलमध्ये चिकट गाळ लवकर धरतो. एसीवाल्याकडून पाइप घेऊ नका, कटर आणि फ्लेअरिंगचा (पाइपाचं तोंड फुलवायचा) सेट मात्र जरूर मागून आणा.

वळणं आधी जाड तारेवर बसवून बघा आणि तार शेजारी ठेवून पाइप वाकवा. स्प्रिंग बेंडर वापरा. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर आतून घडी पडते आणि पेट्रोल अडतं. घडी पडलेला तुकडा सरळ करत बसू नका, फेकून द्या.

जोड

जोडाचे दोन मार्ग आहेत. पहिला ऑलिव्हवाला (नटाखाली दाबून बसणाऱ्या छोट्या धातूच्या कड्याचा) कॉम्प्रेशन जोड: पाइपावर नट आणि ऑलिव्ह चढवायचं, पाइप जोडात टेकेपर्यंत सरकवायचा, नट हाताने घट्ट करायचा आणि मग पान्याने साधारण सव्वा फेरा. दोन पाने लागतात, एक जोड धरायला आणि एक नट फिरवायला. पाइपाच्या पृष्ठभागावर खड्डे असतील तर ऑलिव्ह नीट बसत नाही, म्हणून हा जोड फक्त स्वच्छ धातूवर. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून थेट जेटमध्ये जातात.

दुसरा मार्ग रबरी नळीचा. यात पाइपाचं टोक गुळगुळीत असून चालत नाही, त्यावर फुगीर कडं हवं, नाहीतर नळी सरकते. डबल फ्लेअरच्या सेटमधली पहिली पायरी केली की टोक बाहेर फुगतं. तिथेच थांबायचं, हेच आपलं कडं. नळीचं आतलं माप पाइपाच्या बाहेरच्या मापाएवढं. प्रत्येक बाजूला किमान २५ मिलिमीटर नळी चढली पाहिजे आणि आत पाइपाची टोकं जवळजवळ भिडलेली हवीत. क्लिप कड्याच्या मागे आवळा, कड्यावर नको. कडा वळवलेली फ्युएल क्लिप घ्या, भोकं पाडलेल्या पट्टीची क्लिप रबर कापते.

नळी विकत घेताना तिच्यावरचा छापा वाचा. एसएई जे३० आर७ कार्ब्युरेटरला चालते. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, म्हणून मी थोडे जास्त पैसे देऊन आर९ घ्या असं सांगेन, कारण तिचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. शेगडीची नारिंगी नळी किंवा बागेचा पाइप काही दिवसांत फुगून मऊ होतो.

एम-सील आणि साबण यांचं काय? ओल्या साबणाची वडी भोकावर घासून गाडी घरापर्यंत आणता येते. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे ही जुनी युक्ती खरीच चालते. तेवढ्यापुरतीच. एम-सीलही तसंच. आणि पेट्रोल असलेल्या पाइपाला किंवा टाकीला वेल्डिंग, ब्रेझिंग काहीही करायचं नाही, समोरचा कितीही खात्रीने सांगत असला तरी.

बसवणं आणि तपासणं

पाइप जुन्याच वाटेने न्या. सायलेन्सरच्या जवळ गेला तर पेट्रोल तापून वाफ होते, म्हणजे व्हेपर लॉक आपल्याच हाताने. रबर लावलेल्या क्लिपा सगळ्या जुन्या जागी परत बसवा. एक जरी गाळली तरी पाइप पत्र्यावर घासत राहतो. पत्र्यातून आरपार जातो तिथे भोकाच्या कडेला बसणारा रबरी ग्रोमेट हवाच.

पंपाकडचं टोक जोडण्याआधी पाइपात फुंकर मारा, टाकीजवळच्या नळीतला बोल्ट काढून ती परत जोडा, थोडं पेट्रोल कॅनमध्ये वाहू द्या, नवा फिल्टर लावा. मग बॅटरी जोडा. पंपाला हाताने मारायची दांडी असेल तर तिने पेट्रोल वर आणा, नाहीतर थांबत थांबत स्टार्टर मारा. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. ओढणीच्या पाइपाची खरी परीक्षा इंजिन बंद झाल्यावर होते, म्हणून टाकी अर्धी भरा, गाडी उभी ठेवा, तासाभराने आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा टिश्यू फिरवा. फिल्टरमधले बुडबुडे थांबलेत का तेही बघा. शंभरेक किलोमीटरनंतर रबरी नळीच्या क्लिपा एकदा तपासा. नवं रबर बसलं की त्या थोड्या सैल होतात.

सगळं कोरडं निघालं की उघड्या स्टीलला झिंक प्रायमर आणि रंग लावा, जोड मात्र उघडे ठेवा, म्हणजे पुढची ओल लगेच दिसेल. पेट्रोल लागलेली फडकी उघड्यावर वाळवा, घरात गोळा करून ठेवू नका. काढलेलं पेट्रोल गटारात ओतायचं नाही. ते गाळणीतून टाकीत परत जाऊ शकतं, तळाला पाणी किंवा गंज दिसला तर तेवढं सोडून.