ब्रेकवर हलका पाय ठेवला की खडखड थांबते? मग आधी कॅलिपरच्या पिना बघा

भांडुपहून एलबीएस रोडने रोज कुर्ल्याला जाणाऱ्या माणसाच्या गाडीत काहीतरी वाजतच असतं, त्यामुळे पहिले दोन महिने मी लक्षच दिलं नाही. पुढच्या डाव्या चाकातून खट-खट, खट-खट, तेही फक्त पेव्हर ब्लॉकवरून किंवा उखडलेल्या रस्त्यावरून हळू जाताना. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, लिंक रॉड (सस्पेन्शनमधल्या जोडदांड्या) गेलेत साहेब. बदलले. आवाज तसाच. मग म्हणाला आता स्ट्रट माउंट (शॉक अब्सॉर्बरची वरची बैठक) बघू, तेव्हा मी गाडी परत घेऊन आलो, कारण तोपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ब्रेकवर नुसता पाय टेकवला तरी आवाज गप्प व्हायचा आणि पाय काढला की परत सुरू.

हीच सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. सस्पेन्शनच्या आवाजाला सहसा ब्रेकशी काही देणंघेणं नसतं, लिंक रॉड सैल असेल तर तुम्ही ब्रेक दाबा नाहीतर नका दाबू, तो वाजणारच. पण ब्रेक जरासा लागला की पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात, ते पॅड दाबणारा सगळा कॅलिपर घट्ट बसतो आणि आवाज बंद होतो. म्हणजे सैल असलेली वस्तू कॅलिपरच्या आसपासच आहे. ही टेस्ट सोसायटीच्या कंपाउंडमध्ये किंवा रिकाम्या गल्लीत १०-१५ च्या स्पीडला करा, खिडक्या उघड्या, गाणी बंद, आणि जमलं तर भिंतीच्या कडेने चालवा म्हणजे आवाज आपटून परत येतो आणि नीट ऐकू येतो.

आता ही पिन म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या नेहमीच्या गाड्यांना पुढे जो कॅलिपर असतो त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो, आणि मग त्याच जोराने अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. हे जे सरकणं आहे ते दोन पिनांवर होतं, एक वर एक खाली, ब्रॅकेटच्या (कॅलिपरला धरणाऱ्या, जागच्या जागी पक्क्या बसवलेल्या चौकटीच्या) भोकात बसलेल्या, तोंडाला रबराचा बूट. बूट फाटला की आत पाणी जातं, मुंबईत तर चार महिने पाऊस, रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि बाकीचे आठ महिने खारी हवा. ग्रीस धुऊन जातं, पिन गंजते, आणि मग दोन प्रकार होतात. एक तर पिन झिजून सैल होते आणि वाजते. नाहीतर जॅम होते, आणि ही केस जास्त वाईट, कारण ती वाजत नाही.

जॅम झालेली पिन ओळखायची ती पॅडवरून. वरची पिन मोकळी आणि खालची अडकलेली असेल तर कॅलिपर तिरका ओढला जातो आणि पॅड पाचरीसारखा झिजतो, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. दोन्ही अडकल्या तर आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत मोठा फरक दिसतो. मात्र फक्त आतलाच पॅड खाल्ला गेला असेल तर पिस्टन अडकलाय का तेही तपासा, सगळा दोष पिनांवर टाकून मोकळे होऊ नका. दुसरी खूण म्हणजे गरम चाक. १५-२० मिनिटं चालवून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या (जवळ न्या म्हटलं, डिस्कला लावू नका), एक कोमट आणि एक भट्टी असेल तर त्या बाजूला ब्रेक सुटत नाहीये. त्याच चाकाच्या रिमवर काळी पूडही जास्त बसलेली दिसेल, मायलेज पडेल, आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढेल.

सामान आणताना एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. नुसतं "पुढच्या कॅलिपरच्या पिना द्या" असं म्हणून किट घेऊन आलो आणि घरी बघतो तर लांबी वेगळी. एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणे किंवा व्हेरियंटप्रमाणे वेगळा कॅलिपर असू शकतो. स्पेअर पार्टसाठी ऑपेरा हाउसला जा नाहीतर सीएसटी रोडला जा, चेसिस नंबर सोबत ठेवा आणि शक्य असेल तर जुनी पिनच खिशात घेऊन जा. किटमध्ये पिना आणि बूट दोन्ही हवेत, जुन्या बुटात नवी पिन घालणं म्हणजे फुटक्या छत्रीला नवीन दांडा. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकच्या रबरासाठीचं, पाकिटावर तसं लिहिलेलं बघून घ्या. बेअरिंगचं ग्रीस घरात डबाभर पडलेलं असतं, ते इथे चालत नाही, खनिज तेलाने हे रबर फुगतं आणि पिन पुन्हा जॅम. याशिवाय ब्रेक क्लीनरचा स्प्रे, जॅक, जॅक स्टँड, पान्यांचा सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, शेजाऱ्यांकडे असेल तर मागून आणा), जुन्या चिंध्या आणि थोडी तार.

गाडी सपाट जागी लावा, पोडियमच्या उतारावर नाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना वीट किंवा दगड लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका, स्टँड लावाच, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी त्यावर बसेल, तुमच्यावर नाही. कॅलिपर डिस्कच्या पुढच्या कडेला असेल तर स्टिअरिंग त्याच बाजूला आणि मागच्या कडेला असेल तर उलट बाजूला पूर्ण वळवलं की कॅलिपरची मागची बाजू समोर येते आणि काम निम्मं सोपं होतं.

काही खोलायच्या आधी कॅलिपर हाताने धरून हलवा. थोडं हलणं नॉर्मल असतं, किती ते ठरवायला दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करा. माझ्या डाव्या बाजूला वर-खाली हलवलं की तोच खट आवाज हातात येत होता, अगदी दार सैल झाल्यासारखा, उजवीकडे तसं काही नव्हतं. इथेच पॅडच्या टोकांना असलेल्या स्टीलच्या पातळ क्लिपा पण बघून घ्या. त्या तुटल्या किंवा कोणी पॅड बदलताना घातल्याच नाहीत तर नुसते पॅडही असेच खडखडतात, आणि ते काम पिनांपेक्षा खूप स्वस्तात होतं.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट दिसतील, ते पिनेत आवळलेले असतात. छोट्या गाड्यांत डोकं बहुतेक १२ ते १४ चं. बोल्ट फिरवताना पिनही सोबत गरगर फिरते, म्हणून पिनेच्या कॉलरला चपट्या बाजू असतात तिथे दुसरा पातळ पाना लावून धरायचा. दोन्ही बोल्ट काढले की कॅलिपर उचलून बाहेर घ्या आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याला लोंबकळत सोडू नका, नळी आतून फाटली तर बाहेरून कळतही नाही.

आणि हे आत्ताच सांगून ठेवतो, कॅलिपर काढलेला असताना कोणालाही गाडीत बसू देऊ नका. माझा भाचा गरम होतंय म्हणून एसी लावायला आत शिरला, आणि बटन स्टार्टची गाडी ब्रेक दाबल्याशिवाय सुरूच होत नाही, त्याचा पाय पेडलवर जायच्या आत मी ओरडलो म्हणून वाचलो. पेडल दाबलं असतं तर पिस्टन बाहेर आला असता, मग ऑइल गळणार, हवा जाणार, आणि ते काम पार्किंगमध्ये बसून होत नाही.

आता पिना ओढा. आधी मोबाईलवर फोटो काढा, कारण बऱ्याच गाड्यांत दोन पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबराची छोटी नळी असते आणि तिची जागा ठरलेली असते. वरची खाली लावली तर काही दिवसांत पुन्हा जॅम. मोकळी पिन बोटाने फिरत फिरत बाहेर येते. अडकलेली असेल तर पान्याने डावी-उजवीकडे फिरवत, हळूहळू ओढा. हातोडा नको, आणि बाजूला बूट असताना आच तर अजिबात नको. तरीही हलत नसेल तर पॅड बाजूला काढून ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट खोला आणि वाइसमध्ये धरून करा, नाहीतर सरळ ब्रॅकेटच बदला.

माझी खालची पिन बाहेर आली तेव्हा तिच्या मधल्या भागात एका बाजूला चकचकीत पट्टा पडला होता, नख फिरवलं की काठ लागत होता. बूट वरून शाबूत दिसला पण घडीत उलगडून बघितलं तर बारीक चीर, आत ग्रीसच्या जागी चहाच्या गाळासारखं काहीतरी. पुसून घेतल्यावर पिन काचेवर लोळवून बघा, वाकलेली असेल तर लगेच दिसेल. चीर, खड्डा, पट्टा, वाक, यातलं काहीही असलं तरी पॉलिश पेपर मारून परत घालू नका, आधीच सैल आहे ती अजून सैल होईल.

यापुढची पायरी लोक टाळतात आणि मग नवीन पिन घालूनही आवाज तोच म्हणून कपाळाला हात लावतात. ब्रॅकेटचं भोक. जुना बूट काढा, ब्रेक क्लीनर मारा, स्क्रू ड्रायव्हरला चिंधी गुंडाळून आत फिरवा, चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. पूड फुंकून किंवा हवेने उडवू नका, ती नाकात जाते. मग नवीन पिन कोरडीच आत घालून हलवून बघा. गुळगुळीत सरकली आणि बाजूला डुगडुगली नाही तर उत्तम. नवीन पिनही सैल वाटली तर भोकच मोठं झालंय, तेव्हा ब्रॅकेट बदलण्यावाचून इलाज नाही.

ग्रीस लावताना आपला हात सैल सुटतो. पिनेवर सगळीकडे पातळ थर पुरे, पोळीला तूप लावतो तितका. भोक भरून ग्रीस कोंबलं तर आत हवा आणि ग्रीस अडकतं, पिन दाबली की स्प्रिंगसारखी परत बाहेर येते, म्हणजे तुम्ही स्वतःच कॅलिपर अडवून ठेवलात. नवीन बूट ब्रॅकेटच्या खाचेत बसवा, पिन घाला, बुटाचं दुसरं टोक पिनेच्या खाचेत गेलं की कडेने बोट फिरवून बघा, कुठे दुमडलेलं नको. पिन आत-बाहेर करताना बूट फुग्यासारखा फुगत असेल तर कड जरा उचलून हवा सोडा.

पॅड पाचरीसारखे झिजले असतील तर दोन्ही चाकांचे बदला, एकाच बाजूचे नाही. पिस्टन मागे ढकलावा लागला तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा, लेव्हल वर येते आणि उतू गेलं तर ते ऑइल रंग खातं, सांडलंच तर लगेच पाणी ओता. कॅलिपर परत बसवा, बोल्ट आधी हाताने आणि मग टॉर्क रेंचने. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे बोल्ट २५ ते ३५ न्यूटन मीटरच्या आसपास असतात पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच खरा. ब्रॅकेटचे बोल्ट काढले असतील तर ते यापेक्षा खूप जास्त लागतात, दोन्हींची गल्लत करू नका, पिनेचा बोल्ट त्या जोराने आवळलात तर तुटून हातात येईल. चाक लावायच्या आधी कॅलिपर हाताने आत-बाहेर सरकवून बघा, आणि दुसरी बाजूही त्याच दिवशी करून टाका, एवढं सामान काढलंच आहे तर.

गाडी खाली घेतल्यावर लगेच रिव्हर्स टाकू नका. पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाऊ शकतं. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पंप करा, मग इंजिन चालू करून परत एकदा, मग ऑइलची लेव्हल, मग कंपाउंडमध्ये चालण्याच्या स्पीडला दोन-तीन ब्रेक. पेडल स्पंजसारखं लागलं तर गेटच्या बाहेर पडायचं नाही. सगळं ठीक असेल तर त्याच पेव्हर ब्लॉकवरून जाऊन या.

मी दरवर्षी दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधीच्या रविवारी या पिना काढून पुसून ग्रीस लावतो, पावसाळा नुकताच संपलेला असतो, पाणी आत गेलं असेल तर तेव्हाच कळतं. आणि बोल्ट आवळून झाले की त्यांच्या डोक्यावरून कॅलिपरवर पांढऱ्या पेंटची एक रेघ मारतो, नेलपॉलिशही चालतं. दोन-चार दिवसांनी स्टिअरिंग वळवून, टॉर्च मारून बघायचं, रेघ सरळ आहे की तुटली, तुटली म्हणजे बोल्ट फिरलाय.