खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीत मासे का मरतात : या चुका टाळा

इंदूरमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी लावायची असेल, तर तिच्यात किती मासे ठेवायचे हा हिशेब मे महिन्यातल्या सर्वांत वाईट दुपारच्या अंदाजाने करावा. बाहेर पारा 42 अंशांवर गेला आहे, वावटळ येऊन वीज गेली आहे, पंप थांबला आहे आणि घरात कोणी नाही, अशा वेळी दोन-तीन तास जेवढे मासे तग धरतील, तेवढेच त्या टाकीत असावेत. गोड्या पाण्यात गोल्डफिश आणि मॉली अनेक वर्षे उत्तम सांभाळलेली मंडळीही येथे फसतात, कारण खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. 25 अंश तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.7 च्या आसपास, आणि तेच पाणी 32 अंशांवर गेले की हा आकडा 6 च्या जवळ येतो. उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. पुरवठा घटत असतानाच मागणी वाढते, आणि गर्दीच्या टाकीत या दोहोंमध्ये फारच थोडे अंतर उरलेले असते.

लांबी मोजून मासे घेणे

अमुक लिटरला तमुक सेंटिमीटर मासे, हा गोड्या पाण्याच्या हौशी लोकांमध्ये चालणारा हिशेब खाऱ्या टाकीला लावू नये. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी कागदावर 190 लिटरची भरते. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी दीडशे लिटरच्या आसपास उरते. शिवाय दुकानात दिसणारा मासा बहुधा पिल्लू असतो. पाच सेंटिमीटरचा निळा टँग काचेआड फार गोजिरवाणा दिसतो, पण तो पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि त्याला दिवसभर पोहायला लांब मोकळी जागा लागते. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारण आठपट होते. त्याचे खाणे आणि त्याची घाणही त्याच बेताने वाढते, हे लांबीच्या हिशेबात कुठेच येत नाही.

दीडशे लिटर पाण्यात चार लहान मासे पुरेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑसेलारिस क्लाऊनची एक जोडी, एक गोबी आणि एक फायरफिश एवढ्यात टाकी सुंदर दिसते. फायरफिश उडी मारून बाहेर पडतो, म्हणून वर जाळीचे झाकण हवेच. ‘टाकी रिकामी वाटते, अजून दोन न्या’ या दुकानातल्या आग्रहाला बळी पडू नये. विशेषतः डॅमसेल स्वस्त आणि काटक असल्यामुळे नवख्यांच्या हातात सर्वांत आधी दिला जातो, पण काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके मिरवणारा डॉमिनो डॅमसेल 14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि एकदा कोपरा बळकावला की नंतर आलेल्या माशाला तो छळून मारतो. म्हणून शांत मासा आधी आणि भांडखोर मासा सर्वांत शेवटी सोडावा, आणि दोन खेपांमध्ये तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवावे.

टाकी पिकण्याआधी, म्हणजे तिच्यात उपयुक्त जिवाणूंची वस्ती होण्याआधी, मासे सोडणे

माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू दगडांवर, वाळूवर आणि फिल्टरमधल्या सच्छिद्र भरावावर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते म्हणजे टाकी तयार झाली, हा समज बहुतेक पहिल्या मृत्यूंच्या मुळाशी असतो. गोड्या पाण्यात कधीकधी निभावते. येथे निभावत नाही, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, 8.1 ते 8.4 असतो. पीएच 7 असताना अमोनियाचा जेवढा अंश विषारी रूपात असतो, त्याच्या दहापटीहून अधिक अंश पीएच 8.2 ला विषारी होतो.

मासा न वापरता टाकी पिकवावी. अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून अमोनिया दोन पीपीएमवर (लिटरमागे दोन मिलिग्रॅमवर) आणावा आणि रोज टेस्ट किटने मोजत जावे. एवढा अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की पहिला मासा आणण्यास हरकत नाही. बाटलीतल्या जिवाणूंनी हे काम थोडे लवकर होते, तरीही मोजमाप टाळू नये. दगड घेताना कोरडे सच्छिद्र किंवा सिरॅमिकचे दगड घ्यावेत. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे कोणी ते विकायला पुढे केले तरी घेऊ नयेत.

पाणी, मीठ आणि माळव्याचा उन्हाळा

इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून पंपाने चढवून आणले जाते, आणि पुष्कळ घरांच्या हौदात ते बोअरच्या जड पाण्यात मिसळते. त्यामुळे नळाचे पाणी थेट वापरू नये, हे बहुतेकांना पटते. पण घरचे आरओ पाणी चालेल असे ते गृहीत धरतात. घरच्या आरओ यंत्राच्या मागे बहुधा एक लहानसा स्क्रू असलेला टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर असतो, आणि चव यावी म्हणून तो थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात पुन्हा मिसळत असतो. टीडीएसचे पेन त्या पाण्यात बुडवून पाहिले की 60-80 चा आकडा दिसतो. टाकीसाठी तो शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ हवा, म्हणून कंट्रोलर बंद करून पुढे उरलेसुरले क्षार काढून घेणारे डीआय कार्ट्रिज जोडावे.

पाणी आटते, पण मीठ टाकीतच राहते. दीडशे लिटरमधले पंधरा लिटर पाणी उडाले, तर हजार भागांत 35 असलेले क्षाराचे प्रमाण 39 च्या जवळ जाते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने, रोज थोडी थोडी घालावी. खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरावे. टाकीच्या काचेवर पातळीची खूण करून ठेवली की घरातले कोणीही हे काम करू शकते. क्षार मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर फुंकणारा लहान पंखा तापमान दोन-तीन अंशांनी खाली आणतो. जुलैत हवा दमट झाली की हाच उपाय निकामी होतो. अशा वेळी खोलीचा एसी किंवा पाणी गार करणारा चिलर लागतो. माळव्याच्या रात्री गार असतात, हे आपल्याला सुखाचे आहे, पण टाकीला त्या चढउतारांपासून जपावे लागते, आणि हिवाळ्यात हीटर हवाच. पाणी 24 ते 27 अंशांत स्थिर राहावे. इन्व्हर्टरवर टाकीतला एक पंप जोडणे, किंवा बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवणे, हा खर्च पहिल्या माशाच्या आधी करावा.

मासा पिशवीतून टाकीत

इंदूरला पोहोचलेल्या माशाने बंद पिशवीत बरेच तास काढलेले असतात. त्या पाण्यात अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होऊ लागतो. त्यामुळे लांबून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत दोन-दोन तास थेंबथेंब पाणी देत बसणे धोक्याचे आहे. पिशवी न उघडता वीसेक मिनिटे पाण्यात तरंगत ठेवावी, वेगळ्या विलगीकरण टाकीचा क्षार पिशवीतल्या पाण्याएवढा आधीच करून ठेवावा, आणि मासा जाळीने उचलून तिच्यात सोडावा. पिशवीतले पाणी ओतू नये. तेथे त्याला चार आठवडे ठेवून मगच मुख्य टाकीत आणावे.

मासा मेला, तर कारण कसे ओळखावे

सगळे मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंडे उघडी टाकून धापा टाकत असतील, तर प्राणवायूची शंका घ्यावी. दिवसभर धाप, लालसर कल्ले आणि खाण्यावर वासना नाही, असे एकदम सर्वांचे झाले तर आधी अमोनिया मोजावा. नवा मासा आल्यावर काही दिवसांत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठून एकामागून एक मासे जाऊ लागले, तर तो समुद्री इच हा परजीवीचा रोग असतो. सर्वांगावर बारीक पिठी धरल्यासारखी दिसली आणि दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होऊ लागली, तर वेल्वेट हा दुसरा परजीवी रोग. एकच मासा कोपऱ्यात दडतो आणि त्याचे पर फाटलेले दिसतात, तेव्हा दोष शेजाऱ्याचा असतो. तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये, कारण ते कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेते आणि दगडांत मुरून राहते. मासे वेगळ्या टाकीत हलवून तेथे औषध द्यावे, आणि इच असल्यास मुख्य टाकी शक्यतो अडीच महिने माशांवाचून चालू ठेवावी.

अमोनिया दिसला तर खाणे बंद करावे, हवा वाढवावी, आणि तेवढ्याच क्षाराच्या व तापमानाच्या ताज्या पाण्याने 25 ते 30 टक्के पाणी बदलावे; यासाठी वीस-तीस लिटर मिसळलेले पाणी नेहमी तयार असले पाहिजे. घाबरून फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने उरलेले जिवाणूही मरतात. खाणे घालताना रोज मासे मोजावेत. एखादा कमी भरला, तर दगड उचलून तो शोधावा, कारण आत कुजणारा एक मासा लहान टाकीतला अमोनिया एका रात्रीत चढवू शकतो. मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणण्यापूर्वी अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य दिसले पाहिजेत, आणि ती टाकी मुळात तेवढ्या माशांची होती का, हेही पाहिले पाहिजे.