संकेश्वरी मिरचीची पानं खाली मुरडत होती, ती गंधकाने थांबली

बेळगावात गच्चीवरच्या कुंड्यांतली संकेश्वरी मिरची. शेंड्याची पानं उलट्या होडीसारखी खाली वळलेली, अरुंद, देठ लांबट, फुलं गळणारी. निंबोळी तेल, चिकट सापळे, आंबट ताक झालं. झाडं उपटून टाकावीशी वाटली.

पानं वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानांतला रस शोषणारी बारीक कीड (माइट). हा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं.

आधी मुरडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. तेल फवारल्याला दोन आठवडे होऊ दिले; नाहीतर गंधकाने पानं करपतात. मग ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारलं. १० दिवसांनी पुन्हा. कडक उन्हात अजिबात नको.

जुनी पानं सरळ होत नाहीत, नवी फूटच बघा. माझी सपाट आली, फुलंही टिकली.