ड्युनालिएलाच्या पेशीतील सोडियम मोजताना

ड्युनालिएला सलायना हे हिरवे शैवाल मिठागरातील अतिखारट पाण्यातही पेशीतील सोडियम कमी ठेवते. पेशीच्या पातळ आवरणातून, म्हणजे पटलातून, ते आत आलेले सोडियम सतत बाहेर फेकते आणि परासरण दाबाचा (आत-बाहेरच्या तीव्रतेतील फरकामुळे पाणी ओढले जाण्याचा) समतोल मुख्यतः ग्लिसरॉल साठवून राखते. त्यामुळे मोजणीतला खरा शत्रू म्हणजे पेशींना चिकटलेले बाहेरचे मीठ.

या पेशींना कठीण भित्तिका नसल्याने त्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुतल्यास फुगून फुटतात. म्हणून माध्यमात (पेशी वाढवलेल्या खारट पाण्यात) १ मोलर, म्हणजे लिटरमागे १ मोल, मीठ असेल, तर साधारण तितक्याच तीव्रतेच्या कोलीन क्लोराइड या सोडियम नसलेल्या क्षाराचे द्रावण करावे, त्याची परासरणता (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) ती मोजणाऱ्या ऑस्मोमीटरवर माध्यमाशी जुळवावी आणि मंद गतीच्या सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी झटपट धुवाव्यात. रेंगाळल्यास आतले सोडियमही बाहेर झिरपते. धुण्यापूर्वी पेशी मोजून त्यांचे सरासरी आकारमान सूक्ष्मदर्शकाखाली काढावे. मग पेशी आम्लात विरघळवून फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीत मूलद्रव्याचा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणावर) सोडियम व पोटॅशियम दोन्ही मोजावे आणि प्रत्येकाच्या राशीला पेशींच्या एकूण आकारमानाने भागावे.

काचेतून सोडियम सुटते. भांडी प्लास्टिकचीच घ्यावीत. शेवटच्या धुवणाचे पाणीही तपासावे: त्यात सोडियम भरपूर आढळल्यास पेशींच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.