हॉस्पिटलात कॉम्प्युटर आला, पण पेशंटला फायदा दिसत नाही? या चुका टाळा

तालुक्याच्या गावातली पंचवीस-तीस खाटांची हॉस्पिटलंही आता केसपेपर कॉम्प्युटरवर काढतात. बिल झटपट निघतं, मेडिकलमधला साठा कळतो. पण पेशंटच्या उपचारात काय सुधारलं, असं विचारलं की उत्तर लवकर येत नाही. दोष दर वेळी सॉफ्टवेअरचा नसतो. ते घेतलेलं असतं बिलांसाठी, आणि वॉर्डातली कामाची पद्धत मात्र जुनीच चालू असते.

एका पेशंटच्या तीन फायली

सगळ्यात महागात पडणारी चूक केसपेपरच्या खिडकीवर होते. पेशंट नाव सांगतो मराठीत आणि ते टाइप होतं इंग्रजीत. 'सुनीता' आज एका स्पेलिंगने, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. 'जाधव' साताऱ्यात एक लिहितात, बुलढाण्यात दुसरं. लग्नानंतर आडनाव बदलतं, वय अंदाजे सांगितलं जातं, आणि कितीतरी वयस्कर माणसांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारीच असते. नाव सापडलं नाही की नवी फाइल उघडली जाते. मग पेनिसिलीनची ॲलर्जी पहिल्या फायलीत राहते आणि डॉक्टरांसमोर तिसरी उघडलेली असते. याच्या उलट झालं तर धोका आणखी मोठा: एकाच गावच्या दोन सुनीता पाटील, आणि एकीचा रिपोर्ट दुसरीच्या नावावर.

शोध नावाने नको, मोबाइल नंबरने सुरू करा. घरात एकच मोबाइल असेल तर अख्खं कुटुंब समोर येईल; त्यातून नाव, वय आणि गाव असं तिन्ही जुळवा. १४ अंकी आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) असेल तर काम आणखी सोपं होतं. आणि "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं कधीच विचारू नका. कमी ऐकू येणारी आजी किंवा घाबरलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणा. लॅबमध्ये रक्त काढताना, इंजेक्शन देताना, प्रत्येक ठिकाणी हेच. दुबार फायली एकत्र करायचं काम मात्र एकाच जबाबदार माणसाकडे द्या. चुकून दोन वेगळ्या माणसांच्या फायली जोडल्या गेल्या तर त्या पुन्हा सोडवणं फार अवघड असतं.

'रोज एक' आपोआप येतं तेव्हा

संधिवातावर मेथोट्रेक्सेट देतात ते आठवड्यातून एकदा. पण औषध निवडलं की कित्येक सॉफ्टवेअरमध्ये 'रोज एक' हा पर्याय आधीच भरलेला असतो. घाईच्या ओपीडीत तो बदलायचा राहिला, की पेशंट गोळी रोज घेतो. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. हे जगभर घडलेलं आहे. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून या औषधासाठी 'रोज' हा पर्यायच काढून टाका, आणि चिठ्ठीवर मराठीत 'फक्त सोमवारी' असा वार छापून येऊ द्या.

धोक्याच्या सूचनांचंही तसंच. प्रत्येक चिठ्ठीला आठ-दहा लाल खिडक्या उघडल्या तर डॉक्टर न वाचता 'ओके' दाबत जातात, आणि खरी ॲलर्जीची सूचनाही त्यातच निघून जाते. ॲलर्जी, तेच औषध दोनदा, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार एवढ्यांवर अडवा. बाकीच्या बंद करा. मुलांच्या बाबतीत त्या दिवशीचं वजन टाकल्याशिवाय चिठ्ठी पुढे जाऊच नये. सहा महिन्यांपूर्वीच्या वजनावर काढलेला डोस हा अंदाजच.

खाटेपासून लांब ठेवलेला कॉम्प्युटर

२००५ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर सुरू केल्यानंतर, बाहेरून अत्यवस्थ आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं होतं. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधं तयार ठेवली जात. नव्या पद्धतीत मूल येऊन नोंद होईपर्यंत ऑर्डरच टाकता येत नव्हती. त्याच कंपनीची यंत्रणा सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयात बसवली तेव्हा मृत्यू असे वाढले नाहीत. तिथे तयारी आणि कामाची आखणी वेगळी होती. नवी यंत्रणा घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांनी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

आपल्याकडे हीच अडचण रोजच्या रूपात दिसते. सिस्टर बीपी, नाडी, ऑक्सिजन कागदावर लिहून ठेवतात आणि ड्युटी संपताना एकदम टाइप करतात. दुपारी दोनला घसरलेलं बीपी स्क्रीनवर रात्री आठला येतं. श्वासाचा आकडा तर न मोजताच सगळ्यांचा सारखा टाकला जातो. सिस्टरवर चिडून उपयोग नाही. कॉम्प्युटर काउंटरवर, पेशंट वॉर्डाच्या टोकाला आणि भरायचे रकाने चाळीस, तर दुसरं काय होणार? ट्रॉलीवर टॅब ठेवा, रकाने सहा-सातवर आणा, आणि वेळ मोजल्याची नोंदवा, टाइप केल्याची नको.

सगळ्या ड्युटीला एकच पासवर्ड नको. डोस कुणी दिला हे नंतर कळत नाही. कालची नोंद जशीच्या तशी आज चिकटवू नका. ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर जरूर पाठवा, हार्ट अटॅकमध्ये मिनिटं मोलाची असतात. पण पट्टीवर नाव-वेळ दिसली पाहिजे आणि आलेला सल्ला फायलीत उतरला पाहिजे.

लाईट गेली, सर्व्हर बसला

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि पुढे सुमारे दोन आठवडे बरीच कामं हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येते, तर आपण आधीच तयारीत असायला हवं. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवा, आणि ती खरंच उघडते का हे तीन महिन्यांनी एकदा करून बघा. रोज संध्याकाळी प्रत्येक वॉर्डाची एक यादी छापून घ्या: पेशंट, ॲलर्जी, चालू औषधं, पुढच्या डोसची वेळ. जुनी यादी फाडून टाकायची. कोरे फॉर्म वॉर्डातच ठेवा, कुलूपबंद ऑफिसात नको, आणि ते कुठे आहेत हे रात्रपाळीच्या सिस्टरला आज रात्रीच विचारा.