इंग्लंडमध्ये घर घेताना कौन्सिलचा सर्च रिपोर्ट कसा वाचावा

महाराष्ट्रातून इंग्लंडमध्ये आलेली मंडळी कौन्सिलच्या, म्हणजे येथल्या नगरपालिकेच्या, सर्चला आपल्याकडच्या वकिलाने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेतलेल्या तीस वर्षांच्या शोधासारखे समजतात, आणि पहिली चूक तेथेच होते. मालक कोण आणि घरावर कर्जाचा बोजा आहे का, हे येथे लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्यावरून कळते. कौन्सिलच्या सर्चमधून कळते ते एवढेच, की त्या जागेविषयी कौन्सिलच्या दफ्तरात काय नोंदलेले आहे.

सॉलिसिटरकडून, म्हणजे खरेदीचे काम पाहणाऱ्या वकिलाकडून, येणाऱ्या या अहवालाचे दोन भाग असतात. १९७५ च्या लोकल लँड चार्जेस कायद्यानुसार ठेवलेल्या नोंदवहीचा उतारा हा पहिला भाग. झाड तोडण्यावरील मनाई, संवर्धन क्षेत्र, अटींसह दिलेली बांधकाम परवानगी, अशी जी बंधने घराबरोबर नव्या मालकाकडे येतात, ती त्यात असतात. दुसरा भाग म्हणजे कॉन २९ ही ठरावीक प्रश्नावली आणि तिला कौन्सिलने दिलेली उत्तरे.

सर्वप्रथम अहवालातील नकाशा पाहावा. गॅरेज आणि मागची बाग हद्द दाखवणाऱ्या लाल रेषेच्या आत असली पाहिजे. मग रस्त्याचे उत्तर वाचावे. रस्ता कौन्सिलच्या ताब्यात नसेल, तर दुरुस्तीचा खर्च कोणावर पडतो हे लेखी विचारावे, आणि नव्या वसाहतीत बिल्डरने रस्ता हस्तांतराचा, म्हणजे कलम ३८ चा, करार केला आहे का, हेही विचारावे.

खरी कसोटी बांधकामाच्या नोंदींपाशी लागते. मी घेतलेल्या पहिल्या घरात पोटमाळ्यावर बांधलेली झोपण्याची खोली होती आणि अहवालात त्या कामाची एकही नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे तक्रारही नाही, असा अर्थ मी काढला, आणि तो पूर्णपणे चुकीचा होता. सात वर्षांनी घर विकायला काढले तेव्हा खरेदीदाराच्या सॉलिसिटरने त्या खोलीचे पूर्णता प्रमाणपत्र मागितले. प्रमाणपत्र अस्तित्वातच नव्हते. मी घाईने कौन्सिलला फोन केला, आणि त्या एका फोनमुळे प्रमाणपत्र नसण्याच्या जोखमीवर मिळणाऱ्या विमा पॉलिसीचा मार्ग बंद झाला, कारण कौन्सिलला आधी कळवलेले नाही या अटीवरच ती पॉलिसी मिळते. शेवटी तुळया दाखवण्यासाठी छताचे प्लास्टर फोडावे लागले आणि विक्री चार महिने लांबली.

म्हणून ‘काही नोंद नाही’ हे उत्तर दिलासा मानू नये. घरात काम झालेले दिसत असेल, तर तेच उत्तर धोक्याचे आहे. कौन्सिलला जे कळवलेले नाही, ते तिच्या नोंदीत कोठून येणार? एका कागदावर घरातील प्रत्येक बदल लिहून काढावा: वाढवलेले स्वयंपाकघर, पाडलेली भिंत, काढलेली धुराडी, पोटमाळा, खोली केलेले गॅरेज, नव्या खिडक्या. प्रत्येकासमोर अहवालातील क्रमांक व तारीख लिहावी आणि जेथे जागा रिकामी राहील, तेथे सॉलिसिटरमार्फत विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारावा.

हे करताना नियोजन परवानगी (बांधकाम करू द्यायचे का, याची) आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांची, मंजुरी या दोन गोष्टी एक समजू नयेत. पोटमाळ्याच्या अनेक कामांना पहिली लागत नाही, पण तेथे राहण्याची खोली करायची तर दुसरी लागतेच. ‘परवानगी लागत नाही’ असे एजंट म्हणतो तेव्हा तो बहुधा पहिलीविषयीच बोलत असतो. शिवाय मंजुरी कामाच्या आरंभी मिळते आणि पूर्णता प्रमाणपत्र शेवटी. अहवालात मंजुरी असून प्रमाणपत्र नसेल, तर कामाची अखेरची तपासणी झालीच नसण्याची शक्यता असते. १ एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांसाठी फेन्सा या खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचे किंवा तत्सम योजनेचे, नाहीतर कौन्सिलचे, प्रमाणपत्र मागावे.

प्रमाणपत्र नाही असे कळताच ‘विमा पॉलिसी घ्या, प्रश्न मिटला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. ती पॉलिसी कौन्सिलने कारवाई केल्यास होणारे आर्थिक नुकसान भरून देते. कमकुवत तुळई ती भक्कम करत नाही आणि आग लागल्यावर वरच्या खोलीतून सुटण्याचा मार्गही देत नाही. चाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या आतल्या भिंतीसाठी, सर्वेक्षकाने तपासून निर्वाळा दिला असल्यास, मी पॉलिसी स्वीकारीन. जेथे मुले झोपणार आहेत त्या खोलीसाठी मात्र विक्रेत्याकडूनच काम नियमित करून, म्हणजे कौन्सिलकडून मागाहून तपासून मंजूर करून, घ्यावे. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामांसाठी तशी सोय कायद्यात आहे. विक्रेता तयार नसेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून किंमत कमी करून घ्यावी. कोणता मार्ग घ्यायचा हे ठरेपर्यंत कौन्सिलला फोन किंवा ईमेल करू नये आणि विक्रेत्यालाही करू देऊ नये.

अहवालात शेजारच्या जमिनीवरील बांधकामाचे अर्ज येत नाहीत. रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या नियोजित कामांची माहितीसुद्धा घरापासून २०० मीटरपर्यंतचीच मिळते. घरामागे मोकळे मैदान असेल, तर कौन्सिलच्या संकेतस्थळावरील नियोजन विभागात ते मैदान स्वतः नकाशावर शोधून प्रलंबित अर्ज वाचावेत. या कामाला अर्धा तास पुरतो. घराला लागून सार्वजनिक हिरवळीचा पट्टा असेल, तर कॉन २९ ओ या ऐच्छिक प्रश्नावलीतील बावीसावा प्रश्न विचारायला सॉलिसिटरला सांगावे, कारण सामायिक जमिनीची माहिती मूळ प्रश्नावलीत नसते. पाणी आणि सांडपाण्याचा सर्च वेगळा असतो.

कर्ज देणाऱ्या संस्थेला सहसा सहा महिन्यांहून जुना सर्च चालत नाही, म्हणून खरेदी रेंगाळली असेल तर अहवालावरील तारीख पाहावी. आपल्या कागदावरील प्रत्येक रिकाम्या जागेचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत करारांची अदलाबदल, म्हणजे व्यवहार बंधनकारक करणारी पायरी, होऊ देऊ नये, कारण इंग्लंडमध्ये त्या क्षणापर्यंतच खरेदीदाराला व्यवहारातून विनादंड बाहेर पडता येते.